प्रामाणिक साक्षीदाराची चूक

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, हा खरे बोलत आहे की खोटे? न्यायशास्त्रानेही साक्षीपुराव्याचा विचार शतकानुशतके बव्हंशी याच प्रश्नाभोवती केला. शपथ, उलटतपासणी, खोट्या साक्षीबद्दलची शिक्षा ही साधने मुख्यतः असत्यवाद्याला पकडण्यासाठी घडविलेली आहेत. परंतु सत्य सांगण्याची मनापासून इच्छा असलेला माणूसही चुकीचे सांगू शकतो, हे भावी वकिलांना आणि न्यायाधीशांना शिकवावे कसे? 1901 साली बर्लिन विद्यापीठातील एका वर्गात या प्रश्नाला विलक्षण उत्तर मिळाले.

प्राध्यापक फ्रांत्स फॉन लिस्ट हे फौजदारी कायद्याचे नामांकित पंडित. त्यांच्या वर्गात एका ग्रंथावर चर्चा चालली होती. एवढ्यात एक विद्यार्थी उठून म्हणाला की, या विषयाकडे आपणांस ख्रिस्ती नीतीच्या दृष्टीने पाहावयाचे आहे. दुसऱ्याला ते सहन झाले नाही. शब्दाने शब्द वाढला, मुठी आवळल्या गेल्या आणि पहिल्याने रिव्हॉल्व्हर बाहेर काढले. दुसरा त्याच्या अंगावर धावला. प्राध्यापक मध्ये पडले, त्यांनी विद्यार्थ्याचा हात धरला आणि त्याच क्षणी बार उडाला. वर्गात एकच हलकल्लोळ माजला.

सर्वांना शांत करून लिस्ट यांनी खुलासा केला, तेव्हा हे सारे आधी बसविलेले नाटक होते हे उघड झाले. काही विद्यार्थ्यांना घडलेला प्रकार तत्काळ लिहून काढण्यास सांगण्यात आले. काहींना दुसऱ्या दिवशी, काहींना आठवड्यानंतर. उरलेल्यांची साक्ष तोंडी, उलटतपासणीने घेण्यात आली. प्रसंगाचे चौदा भाग पाडून प्रत्येक वृत्तांत त्यांच्याशी ताडून पाहिला गेला. जो वृत्तांत सर्वांत बिनचूक ठरला, त्यातही शेकडा 26 चुका होत्या. सर्वांत सदोष वृत्तांतात शेकडा 80. जे मुकाट्याने बसून होते त्यांच्या तोंडी वाक्ये घातली गेली होती, आणि जे डोळ्यांसमोर घडले त्यातील महत्त्वाचा भाग कित्येकांच्या स्मृतीतून साफ पुसला गेला होता. शिवाय प्रसंगाच्या उत्तरार्धात, म्हणजे भावना अधिक क्षुब्ध झाल्यावर, चुकांचे प्रमाण शेकडा 15 ने वाढले होते. खोटे बोलण्याचे कारण तर कोणालाच नव्हते.

हे प्रयोग अमेरिकन वाचकांपुढे मांडले ते हार्वर्ड विद्यापीठातील जर्मन मानसशास्त्रज्ञ ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांनी, 1908 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात. आपल्या घरी झालेल्या चोरीच्या खटल्यात आपणच शपथेवर दिलेली साक्ष कशी चुकली, हेही त्यांनी त्यात प्रांजळपणे सांगितले. चोरांनी घड्याळ कागदात गुंडाळले होते, अशी त्यांची खात्री. प्रत्यक्षात ते मेजावरील चादरीत गुंडाळलेले निघाले. पण याच ग्रंथात त्यांनी वकिलांना हटवादी ठरविले, आणि ते वकीलवर्गास झोंबले.

उत्तर दिले जॉन हेन्री विग्मोर यांनी. ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या विधिविभागाचे प्रमुख आणि पुराव्याच्या कायद्यावरील थोर अधिकारी. 1909 साली त्यांनी एक काल्पनिक खटला लिहिला. त्यात वकीलवर्ग मुन्स्टरबर्ग यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावतो आणि ज्यूरी एक डॉलर भरपाई देते. थट्टेमागील मुद्दा गंभीर होता. न्यायालयात खात्रीने वापरता येईल असे ज्ञान अद्याप सिद्धच झाले नसेल, तर ते न वापरल्याचा दोष वकिलांना कसा द्यावा? मात्र विग्मोर मानसशास्त्राचे वैरी नव्हते. 1913 साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात न्यायनिर्णयातील पुराव्याची तत्त्वे तर्कशास्त्र, मानसशास्त्र आणि सामान्य अनुभव यांच्या आधारे मांडली. ज्यांनी मुन्स्टरबर्गची थट्टा केली, त्यांनीच मानसशास्त्राला कायद्याच्या अभ्यासात मानाचे स्थान दिले.

पुढे 1928 साली येल येथील रॉबर्ट हचिन्स यांनी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड स्लेसिंजर यांच्यासह आणखी एका रूढ समजुतीला हात घातला. घटनेच्या भरात निघालेला उद्गार विश्वसनीय, कारण खोटे रचण्यास वेळच नसतो, असे कायदा मानीत आला. क्षोभामुळे लबाडीला अवसर मिळत नसेल. पण निरीक्षणही त्याच क्षोभाने बिघडते, हे या दोघांनी दाखविले. हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. मारहाणीच्या वेळी किंवा तिच्या लगत उपस्थितांनी काढलेले उद्गार 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या सहाव्या कलमाने विचारात घेण्याजोगे ठरविले होते, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या चौथ्या कलमातही तेच तत्त्व कायम आहे.

या अभ्यासाची खरी किंमत रोनाल्ड कॉटन या माणसाने मोजली. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात बलात्काराला बळी पडलेल्या एका स्त्रीने त्याला ठामपणे ओळखले, आणि 1985 साली तो दोषी ठरला. ती स्त्री खोटे बोलत नव्हती. तिची स्मृती चुकली होती. 1995 साली डीएनए चाचणीने तो निर्दोष ठरला, तोवर दहा वर्षांहून अधिक काळ त्याने तुरुंगात काढला होता.

असत्यवादी साक्षीदाराला कसलेला वकील उलटतपासणीत गाठू शकतो. प्रामाणिकपणे चुकलेल्या साक्षीदारापुढे मात्र ते शस्त्र अनेकदा बोथट ठरते, कारण त्याच्या डोळ्यांत कपट नसते आणि आवाजात कंप नसतो. त्या निःशंक आवाजालाही आदराने, पण सावधपणे, प्रश्न विचारावयास कायद्याच्या विद्यार्थ्याने शिकावे, हाच बर्लिनच्या त्या वर्गातील धडा होय.