क्लोज्ड-बॅक हेडफोन : आवाज आणि आराम यांची पारख

जून २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे शाळा बंद असताना, नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास ९०.८’ या सामुदायिक रेडिओ केंद्राने तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम सुरू केला. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांतील अनेक मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. त्यांच्यापर्यंत शिक्षकांच्या आवाजातील ध्वनिमुद्रित पाठ रेडिओवरून पोहोचले. २०२३ मध्ये राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत या केंद्राला दोन पुरस्कार मिळाले व त्यांपैकी एक या उपक्रमासाठी होता.

रेडिओवरचा पाठ ऐकणाऱ्या मुलासमोर फळा नसतो आणि न समजलेला शब्द पुन्हा विचारण्याची सोयही नसते. त्यामुळे आवाजातील दोष मुद्रणाच्या वेळीच पकडावा लागतो. हे काम ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या कानावरील हेडफोनच्या भरवशावर चालते. आता असे ध्वनिमुद्रण केवळ रेडिओ केंद्रांपुरते राहिलेले नाही. गाण्याच्या शिकवण्या, ध्वनिपुस्तके, पॉडकास्ट, निवेदन अशा अनेक कामांसाठी घरातील एका खोलीतच छोटा स्टुडिओ उभा राहतो. अशा वेळी साधारणपणे चार-पाच हजारांपासून पंधरा हजार रुपयांपर्यंतचा क्लोज्ड-बॅक हेडफोन ही पहिली मोठी खरेदी ठरते. ती बहुधा माहितीपत्रकातील आकडे पाहून केली जाते. प्रत्यक्षात या प्रकारच्या हेडफोनचा आवाज तो डोक्यावर कसा बसतो यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

बंद कप कशासाठी?

हेडफोनमधील पडदा कंप पावताना पुढच्या बाजूला जसा ध्वनी निर्माण करतो, तसाच मागच्या बाजूलाही करतो. ओपन-बॅक प्रकारात कपाची मागील बाजू जाळीदार असल्याने हा ध्वनी बाहेर पडतो. आवाज मोकळा वाटतो, पण तो शेजारच्या माणसालाही ऐकू येतो आणि समोरच्या मायक्रोफोनमध्येही शिरतो. क्लोज्ड-बॅक प्रकारात मागील बाजू बंद असते. गायकाच्या कानात वाजणारा तंबोरा किंवा लेहरा त्याच्या आवाजाच्या मुद्रणात उतरू नये, हा त्यामागील मुख्य हेतू होय.

बाहेरचा गोंगाट कमी होणे हा दुसरा फायदा. मात्र बंद कप सर्व ध्वनी सारख्या प्रमाणात अडवत नाहीत. शिट्ट्या, कर्कश हॉर्न, ताशाचा कडकडाट असे उंच पट्टीचे ध्वनी ते बऱ्यापैकी रोखतात, परंतु खर्जातील ध्वनी त्यांना फारसे जुमानत नाहीत. गणेशोत्सवात गल्लीतून नाशिक ढोलचे पथक जात असेल, तर ताशा दबेल, पण ढोलाचा ठोका कानापर्यंत येईलच. महामार्गालगतच्या घरात ट्रकच्या घरघरीबाबतही हाच अनुभव येतो. अशा खोलीत महागडा हेडफोन घेण्यापेक्षा मुद्रणाची वेळ बदलणे अधिक उपयोगी ठरते.

आराम हा आवाजाचाच भाग

बंद कपाचे कुशन कानाभोवती सर्व बाजूंनी नीट टेकले, तरच कप आणि कान यांच्यामधील हवा कोंडलेली राहते व खर्जाचे स्वर पूर्ण ऐकू येतात. कोठे बारीकशी फट राहिली तरी खर्ज गळून जातो. चष्म्याच्या काड्या, कानामागे घेतलेले केस, कानातील मोठे दागिने यांमुळे अशी फट सहज पडते. त्यामुळे एकच हेडफोन एका व्यक्तीला भरदार, तर दुसरीला पोकळ वाटू शकतो, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

येथेच निवडीतील खरी ओढाताण सुरू होते. हेडबँडचा दाब जास्त असला की कुशन घट्ट बसते व आवाज सुधारतो, पण अर्ध्या तासात कानशिले दुखू लागतात. दाब कमी असला की आराम मिळतो, पण मान हलताच कप सरकतो. ऐकणारा दुखण्यामुळे कप थोडा वर सरकवतो, तेव्हा तो नकळत आवाजही बदलून टाकतो. दोन तासांच्या संपादनात पहिल्या आणि शेवटच्या भागाचा खर्ज वेगवेगळा ठेवला जाण्याचे हे एक कारण असते. म्हणूनच आरामाकडे चैन म्हणून पाहता येत नाही.

कुशनच्या कापडालाही महत्त्व आहे. कृत्रिम चामड्याचे कुशन आवाज चांगला कोंडते, मात्र एप्रिल-मे महिन्यांत, मुद्रणासाठी पंखा बंद ठेवलेल्या खोलीत त्याखाली घाम साचतो. घामामुळे व उष्णतेमुळे हे आवरण काही काळाने सोलवटून निघते. मखमली कुशन उन्हाळ्यात सुसह्य असते, पण कृत्रिम चामड्याच्या तुलनेत त्यातून आवाज थोडा अधिक झिरपतो. सुटे कुशन मिळते काय, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. कुशन बदलल्यावर आवाजात थोडा फरक पडतो, हेही लक्षात असावे.

काही परिचित मॉडेल

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा हेडफोन प्रसारण आणि चित्रपट क्षेत्रात जगभर वापरला गेला. तो हलका व घडी होणारा आहे. त्याचा कल तार स्वरांकडे असल्याने ‘स’ आणि ‘श’ यांचा फुत्कार, श्वासाचा आवाज, चुकीच्या ठिकाणी झालेला काप लगेच लक्षात येतो. हाच गुण दीर्घ काळ ऐकताना कानांना थकवतो. त्याची गुंडाळीदार वायर सुटी होत नाही.

सेनहायजरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत कमी करतो, असा निर्मात्यांचा दावा आहे. तो घट्ट बसतो आणि चष्मा वापरणाऱ्यांना हा दाब जाणवतो.

ऑडिओ-टेक्निकाच्या एम मालिकेतील एटीएच-एम२०एक्स हा स्वस्त पर्याय असून त्याची वायर कायमची जोडलेली आहे. एम४०एक्स आणि एम५०एक्स यांच्या वायरी सुट्या होतात. एम५०एक्सचा खर्ज उठावदार असल्याने संगीत ऐकताना तो आवडतो, तर संपादनासाठी अनेक जण तुलनेने समतोल असलेल्या एम४०एक्सला पसंती देतात. 

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो मखमली कुशनमुळे आरामदायी मानला जातो. त्याचे ३२, ८० आणि २५० ओहमचे प्रकार आहेत. ओहमचा आकडा मोठा म्हणजे हेडफोन चांगला, असा अर्थ काढू नये. २५० ओहमच्या प्रकाराला मोबाइल किंवा साध्या लॅपटॉपवरून पुरेसा जोर मिळत नाही व त्यासाठी चांगल्या ऑडिओ इंटरफेसची किंवा अॅम्प्लिफायरची गरज भासते.

किमतीच्या बाबतीतही सावध राहणे योग्य. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजणीवर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि त्याचा स्वरप्रतिसाद यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. जास्त पैसे दिल्यास बांधणी किंवा वायर चांगली मिळू शकते, पण आवाज अधिक खरा असेलच असे नाही.

दुकानात पारख कशी करावी?

महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानात जा किंवा घरपोच मागवा, परत करण्याची मुदत हाताशी असताना पुढील चाचण्या कराव्यात. त्यासाठी स्वतःच्या ओळखीची तीन-चार ध्वनिमुद्रणे सोबत असावीत.

पहिली चाचणी कुशनची. तबल्याचे मुद्रण लावून डग्ग्याचा घुमारा ऐकावा. मग दोन्ही कप हातांनी हलकेच दाबावेत. दाबताच घुमारा एकदम वाढला, तर कुशन नीट टेकत नाही असे समजावे. रोज चष्मा वापरणाऱ्यांनी तो घालूनच ही चाचणी करावी.

दुसरी चाचणी समतोलाची. मोनोमध्ये मुद्रित केलेले निवेदन लावल्यास आवाज डोक्याच्या मधोमध वाटला पाहिजे. तो एका बाजूला झुकत असेल, तर हेडफोन उलटा घालावा. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष हेडफोनमध्ये आहे. तो त्याच बाजूला राहिला तर कप नीट बसलेला नाही किंवा दोन्ही कानांच्या श्रवणात फरक आहे. हा फरक कायम जाणवल्यास कानांची तपासणी करून घेणे इष्ट.

तिसरी चाचणी वाणीची. मराठी निवेदनात ‘स’, ‘श’, ‘ष’ टोचतात काय, ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना मायक्रोफोनवर आदळलेली हवा ऐकू येते काय, ‘च’चे दोन्ही उच्चार वेगळे कळतात काय, हे पाहावे. दोष झाकणारा गोड आवाज येथे कामाचा नाही. तंबोऱ्याची जवारी ऐकूनही बरेच कळते. जवारी बोथट वाटली, तर वरचे स्वर दबलेले आहेत.

चौथी चाचणी गळतीची. हेडफोन घालून नेहमीच्या पातळीवर लेहरा लावावा, मायक्रोफोनसमोर गप्प बसून एक मिनिट मुद्रण करावे व ते ऐकावे. लेहरा स्पष्ट ऐकू येत असेल, तर गायनाच्या मुद्रणाला तो हेडफोन उपयोगी नाही.

दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवणे अत्यावश्यक आहे. पातळी वाढली की खर्ज आणि तार दोन्ही अधिक भरून ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे केवळ मोठ्याने वाजणारा हेडफोन सरस वाटण्याची चूक सहज होते. शेवटी हेडफोन सलग अर्धा तास डोक्यावर ठेवावा. पहिल्या पाच मिनिटांत जवळपास प्रत्येक हेडफोन आरामदायी वाटतो.

वापरताना घ्यायची काळजी

कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. त्यामुळे अनेक गायक एक कान उघडा ठेवतात. तसे करताना मोकळा कप डोक्याला टेकवून ठेवावा, अन्यथा त्यातील आवाज मायक्रोफोनमध्ये जाईल.

कानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलची पातळी आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानली जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. बाहेरचा गोंगाट दाबण्यासाठी आवाज वाढवण्याची सवय म्हणूनच महागात पडते. चांगला बसणारा बंद हेडफोन कमी पातळीवरही स्पष्ट ऐकू येतो, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ होय. दर तासाला काही मिनिटे कानांना विश्रांती द्यावी.

काम पूर्ण झाल्यावर ते केवळ हेडफोनवर तपासून पाठवू नये. बंद कपात खर्ज फुगून ऐकू येण्याची शक्यता असल्याने संपादक तो जास्त कापतो आणि मग साध्या स्पीकरवर आवाज किरटा लागतो. म्हणून तयार मुद्रण एकदा छोट्या रेडिओसारख्या स्पीकरवर किंवा मोबाइलवर, हळू आवाजात ऐकावे. घराच्या कोपऱ्यात बसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पाठ पोहोचतो तो अशाच साधनातून, आणि तेथे प्रत्येक शब्द कळला पाहिजे.