सिंधुबंदीचे मूळ चुलीत

परदेशी जाणारा हिंदू बाटे तो समुद्र ओलांडल्यामुळे, असे आपण धरून चालतो. पोथीत तसे आहेही. बौधायन धर्मसूत्रात पतनीय कर्मांच्या यादीत समुद्रप्रवास येतो. पण गेलेली माणसे तिकडे काय जेवली आणि इकडे त्यांना कशाचा जाब द्यावा लागला हे पाहिले, की खाऱ्या पाण्यापेक्षा परक्याच्या हातच्या घोटभर गोड्या पाण्याचीच धास्ती मोठी वाटते. राघोबादादाने धाडलेला ब्राह्मण वकील हणमंतराव १७८१ साली इंग्लंडात होता. एडमंड बर्कने बीकन्सफील्डला त्याची व सोबतच्या पारशांची सोय केली, ती बागेतले काचघर त्यांच्या हवाली करून. स्वयंपाक आणि धर्मकृत्ये आपल्या रीतीने करता यावीत, एवढ्यासाठी. दिवाणखान्यातल्या मेजवानीपेक्षा पाहुण्याला वेगळी चूल हवी, हे बर्कला उमगले होते. शंभर वर्षांनी, १८८३ मध्ये, अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशींनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन असे सांगितले. समुद्र तर टळणार नव्हता. शब्द पाळायचा तो पेहरावात आणि ताटात, आणि तिकडे त्यांनी साडी व शाकाहार दोन्ही सांभाळले.

यावर आक्षेप येईल की हणमंतरावाने इतके सोवळे पाळले, तरी प्रायश्चित्त चुकले नाही. मग दोष समुद्राचाच नव्हे काय? आक्षेप हलका नाही. मात्र परमुलखात कोण काय खाऊन आला याला साक्षीदार कुठला? माझ्या मते समुद्रप्रवास हा या संशयाचा सोयीचा पुरावा होता. आणि समुद्र वगळूनही संशय कसा उरतो, हे १८९० मध्ये पुण्यातच दिसले. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशींनी, म्हणजे आनंदीबाईंच्याच यजमानांनी, ती नावे छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभे राहिले. मिशन पेठेतले, वाटेत फार तर ओढा. तरी प्रायश्चित्ताची भाषा तीच. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही पुढे ते घेतले.

गांधींचे उदाहरण तर दोन्ही बाजूंना सोयीचे आहे. १८८८ मध्ये मुंबईत त्यांच्या मोढ वाणी जातीच्या शेठने समुद्रप्रवास धर्मबाह्य ठरवला, पण त्याला जोडूनच युरोपीयांबरोबर खाणेपिणे अटळ आहे हेही बजावले. आईला दिलेल्या मद्य-मांस वर्ज्य करण्याच्या शपथेने जातीचे समाधान झाले नाही, कारण प्रश्न पदार्थाइतकाच पंक्तीचा होता. लंडनमध्ये घरमालकिणीच्या अळणी उकडलेल्या भाज्यांवर अर्धपोटी राहणाऱ्या या विद्यार्थ्याला फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली तेव्हा कुठे पोटभर जेवण मिळाले. पुढे मसाल्याची ओढही सुटली. जिभेने तीन वर्षांत जे जुळवून घेतले, ते जातीला जमेना. १८९१ मध्ये परतल्यावर थोरल्या भावाने नाशिकला स्नान घडवले आणि राजकोटला जातभोजन घातले. एका तडाने त्यांना पंक्तीत घेतले. दुसऱ्याने बहिष्कार चालूच ठेवला. बहीण आणि सासरची माणसे चोरून खाऊपिऊ घालायला तयार होती, पण जे उघडपणे करता येत नाही ते करायचे नाही म्हणून गांधी त्या घरांत पाणीसुद्धा पीत नसत.