आठवीनंतर आपली मुलगी कुठे जाते?

विहारात दहावी-बारावी पास झालेल्या मुलींचा सत्कार होतो तेव्हा आपण सगळे टाळ्या वाजवतो. पण जी मुलगी दहावीपर्यंत पोहोचलीच नाही, तिचं नाव कोणत्याच यादीत नसतं. ती का पोहोचली नाही हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. संधी मिळाली तर आपली मुलगी काय करू शकते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना मुलींना शिकवा असं बजावलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती म्हणजे लग्नाची घाई करू नका. शिक्षण आणि लग्नाचं वय ही जोडी त्यांनी अचूक ओळखली होती.

आज कायदे आहेत. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी नाही. २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, हमी देतो. खरी गळती त्यानंतर सुरू होते. का? शाळेची फी माफ झाली, घरातलं काम कुठे माफ झालं?

आमच्या गिरणगावचंच पाहा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार बंद पडला. घरोघरच्या बाया धुणीभांडी करायला बाहेर पडल्या. मग धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, नळावर नंबर कोण लावणार, भाकऱ्या कोण थापणार? थोरली मुलगी! तिला कोणी 'शाळा सोड' म्हटलं नाही. आधी दोन दिवस खाडा, मग आठवडा, मग नापास, मग 'हिचं डोकंच चालत नाही' असा शिक्का.

गावाकडे कारणं वेगळी दिसतात, पण मूळ तेच. हायस्कूल बाजाराच्या गावी, एसटी वेळेवर नाही, रस्त्यात टवाळ पोरं. शाळेत संडास असला तरी पाणी नाही, त्यामुळे पाळीच्या दिवसांत मुलगी घरीच राहते. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर सहा महिने फडावर जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल जोडीवर मिळते. मागे वयात आलेली मुलगी एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. २०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, तेव्हा घरात एकच मोबाईल असला तर तो आधी कोणाच्या हाती गेला, हे ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावं.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलगी शाळा सोडत नाही. घरावर संकट आलं की पहिली काटछाट तिच्या शिक्षणाची होते. हा हिशेब घरातच बदलावा लागेल. पाणी भरणं, भांडी घासणं मुलग्यानेही करावं. दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला जागा नसेल तर संध्याकाळी विहाराचं दार उघडं ठेवावं, दिवा लावावा, एखाद्या ताईने तिथे बसावं. आणि नववीतली मुलगी चार दिवस शाळेत दिसली नाही, तर महिला मंडळाने पाचव्या दिवशी तिच्या घरी जावं. नाव कमी झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

जयभीम!