आकार आधी, अक्षर नंतर : वाहतूक सिग्नल आणि रस्त्यावरील चिन्हांचे नियम

नवी दिल्ली : कागल सोडून निपाणीकडे निघालेल्या मालमोटारीच्या चालकाला थोड्याच अंतरावर रस्त्याकडेच्या पाट्यांवर मराठीऐवजी कन्नड अक्षरे दिसू लागतात. तीच गाडी बंगळूरमार्गे होसूरला पोहोचली, की कन्नडची जागा तमिळ घेते. लिपी दोनदा बदलते. पण लाल कड्यातील वेगमर्यादेचा आकडा, अष्टकोनी ‘थांबा’ची पाटी आणि त्रिकोणातील शाळकरी मुले यांचा अर्थ कोठेही बदलत नाही. देशभरातील चालकांची ही सामाईक भाषा आहे आणि तिचे व्याकरण आकार व रंग यांवर उभे आहे. या भाषेतील आज्ञा न पाळणे हा केवळ बेशिस्तीचा प्रकार नसून कायद्याने दंडनीय ठरवलेला अपराध आहे.

या भाषेकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. हे प्रमाण दर तासाला सरासरी १९ मृत्यू इतके आहे. मृतांमध्ये ३२,८२५ पादचारी होते. पायी चालणाऱ्याभोवती ना पोलादी सांगाडा असतो, ना त्याला सीटबेल्टचा आधार असतो. समोरच्या चालकाने दिवा, पाटी आणि रेषा पाळणे हेच त्याचे संरक्षण असते.

कायद्याचा आधार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ११९ नुसार प्रत्येक चालकाने अनिवार्य वाहतूक चिन्हांनी दिलेली सूचना पाळणे बंधनकारक आहे. विद्युत सिग्नलचे आणि वाहतूक नियमनासाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे निर्देश पाळण्याचे कर्तव्यही याच कलमात सांगितले आहे. वाहन कसे चालवावे, याचे तपशीलवार नियम कलम ११८ खाली केंद्र सरकार करते. सध्या लागू असलेले मोटार वाहन (चालन) विनियम २०१७ चे असून त्यांनी १९८९ च्या विनियमांची जागा घेतली.

चिन्हांचा आकार, रंग आणि अर्थ अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत निश्चित केला आहे. राज्य सरकारला पाटीवरील शब्द वा आकडे आपल्या पसंतीच्या लिपीत जोडण्याची मुभा कलम ११६ देते. मात्र मूळ चिन्हात फेरबदल करता येत नाही. प्रांतागणिक अक्षरे बदलूनही पाटीचा अर्थ एकच राहतो, तो या तरतुदीमुळे. रस्त्यावरील चिन्हांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात भारत १९८० मध्ये सहभागी झाला. त्यामुळे येथील अनेक चिन्हे इतर देशांतील चिन्हांशीही मिळतीजुळती आहेत.

चिन्हे किती मोठी असावीत, किती उंचीवर आणि किती अंतरावर लावावीत, याची मानके इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. रस्ते चिन्हांविषयीची ‘आयआरसी-६७’ ही तिची संहिता प्रथम १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर वेळोवेळी सुधारली गेली. या संस्थेच्या स्थापनेमागे एका मराठी कायदेपंडिताचे कार्य आहे. देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जयकर समितीच्या शिफारशींच्या पाठपुराव्यातून डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली.

चिन्हांचे तीन वर्ग

पहिला वर्ग अनिवार्य चिन्हांचा. ही चिन्हे प्रामुख्याने वर्तुळाकार असतात. लाल कडा असलेले वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगते : प्रवेश बंद, ओव्हरटेक करू नये, हॉर्न वाजवू नये, ठरावीक वेगापेक्षा अधिक वेग नको. निळे वर्तुळ काय केलेच पाहिजे हे सांगते. उदाहरणार्थ, बाणाने दाखवलेल्या दिशेनेच वळावे, सायकलींनी त्यांच्यासाठी राखलेल्या मार्गानेच जावे.

या वर्गातील दोन चिन्हांना मुद्दाम वेगळा आकार दिला आहे. ‘थांबा’ची पाटी अष्टकोनी, तर ‘रस्ता द्या’ची पाटी उलट्या त्रिकोणाची असते. धुळीने माखलेली असली, अंधारात अक्षरे दिसत नसली किंवा पाटी मागच्या बाजूने पाहिली, तरी केवळ बाह्याकारावरून ती ओळखता यावी, हा त्यामागील विचार आहे. ‘थांबा’च्या पाटीपाशी समोर वाहन दिसो वा न दिसो, गाडी पूर्ण थांबवावी लागते. ‘रस्ता द्या’च्या पाटीपाशी वेग कमी करून मुख्य रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यावे लागते.

शहरांत सर्वाधिक गोंधळ उडतो तो उभे राहण्याच्या मनाईविषयी. निळ्या पार्श्वभूमीवर लाल कडा आणि एकच तिरपी लाल रेषा असेल, तर तेथे वाहन उभे करून ठेवण्यास मनाई असते. दोन रेषांची फुली असेल, तर तेथे क्षणभर थांबण्यासही मनाई असते. प्रवासी उतरवण्यासाठी थांबलेल्या चालकालाही मग सवलत मिळत नाही.

दुसरा वर्ग सावधगिरीच्या चिन्हांचा. लाल कडांचा, टोक वर असलेला त्रिकोण पुढील धोका सांगतो : तीव्र वळण, अरुंद पूल, शाळा, घाट, रेल्वे फाटक. ही पाटी धोक्याच्या जागी न लावता त्याआधी लावतात, कारण गाडी थांबण्यास अंतर लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाचा प्रतिसाद आणि ब्रेक लागणे या दोहोंचा विचार करून भारतीय रस्ते आखणीत या वेगासाठी ८० मीटर, तर ताशी १०० किलोमीटर वेगासाठी १८० मीटर थांबण्याचे अंतर धरले जाते. वेग दुप्पटही होत नाही, पण अंतर दुपटीहून अधिक वाढते.

रेल्वे फाटकाच्या चिन्हांत फरक आहे. त्रिकोणात फाटकाचे चित्र असेल तर तेथे पहारेकरी असतो. इंजिनाचे चित्र असेल तर नसतो. पहारा नसलेल्या फाटकापाशी वाहन थांबवून क्लीनर, वाहक किंवा सोबतच्या व्यक्तीने पायी पुढे जाऊन गाडी येत नसल्याची खात्री करावी, आणि सोबत कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरून पाहावे, असे कलम १३१ सांगते.

तिसरा वर्ग माहितीच्या चिन्हांचा. आयताकृती पाट्यांवर रुग्णालय, पेट्रोल पंप, उपाहारगृह, गावांची नावे आणि अंतरे दिलेली असतात. त्या आज्ञा देत नाहीत. पण त्या वेळीच वाचल्या, तर ऐनवेळी मार्गिका बदलण्याचा किंवा महामार्गावर गाडी मागे घेण्याचा प्रसंग टळतो.

दिव्यांचा अर्थ

सिग्नलचे दिवे रंगांबरोबर जागेवरूनही ओळखता येतात : लाल वर, पिवळा मध्ये आणि हिरवा खाली. ज्यांना लाल-हिरव्यातील फरक नीट जाणवत नाही, त्यांना हा क्रम उपयोगी पडतो. सौम्य ते मध्यम स्वरूपाचे रंगांधत्व असलेल्या व्यक्तींना वाहन परवाना मिळण्याची वाट केंद्र सरकारने जून २०२० मधील दुरुस्तीने मोकळी केली.

लाल दिवा असताना गाडी थांबरेषेच्या अलीकडे थांबवावी लागते. झेब्रा क्रॉसिंगवर चढून थांबलेली गाडी चौकात शिरलेली नसली, तरी ती पादचाऱ्याला वाहनांच्या वाटेत ढकलते. लाल दिव्यावर डावीकडे वळण्याची सरसकट मुभा नाही. तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तेथेच वळता येते, आणि तेव्हाही पादचाऱ्यांना आधी जाऊ द्यावे लागते.

पिवळा दिवा वेग वाढवण्याचा इशारा नाही. तो लागताच थांबावे, असा नियम आहे. अपवाद एवढाच, की गाडी रेषेच्या इतकी जवळ आलेली असावी की थांबणे धोक्याचे ठरेल. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी तीन सेकंदांत सुमारे ४२ मीटर जाते. दुरून पिवळा दिवा पाहून वेग वाढवणारी गाडी चौकात पोहोचते, तेव्हा आडव्या रस्त्यावरील वाहनांना हिरवा दिवा मिळालेला असण्याची शक्यता असते.

हिरवा दिवाही बिनशर्त परवानगी देत नाही. पुढे वाहने तुंबलेली असतील, तर हिरव्या दिव्यावरही चौकात शिरू नये. आडव्या-तिडव्या पिवळ्या रेषांचा चौकोन आखलेला असेल, तेथे बाहेर पडण्याची वाट मोकळी असल्याखेरीज प्रवेश करता येत नाही. उघडझाप करणारा लाल दिवा ‘थांबा’च्या पाटीसारखा मानावा : पूर्ण थांबावे, पाहावे, मग निघावे. उघडझाप करणारा पिवळा दिवा वेग कमी करून सावधपणे जाण्यास सांगतो.

सिग्नल बंद असला, म्हणजे नियम संपले असे होत नाही. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना, तर इतर चौकांत उजवीकडून येणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यावे. चौकात पोलीस उभा असेल, तर त्याच्या हाताचा इशारा दिव्यापेक्षा वरचढ ठरतो. दिवा हिरवा असताना त्याने हात आडवा केला, तर थांबावेच लागते.

रस्त्यावरील रेषा

रस्त्यावर आखलेल्या रेषा हीदेखील चिन्हेच आहेत. तुटक पांढरी रेषा सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडता येत नाही. अखंड आणि तुटक अशा दोन रेषा शेजारी असतील, तर आपल्या बाजूची रेषा पाहावी : ती तुटक असेल तरच ओव्हरटेक करण्याची मुभा असते. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पहिला हक्क पादचाऱ्याचा असतो आणि त्याच्यासाठी थांबणे हे चालकाचे कर्तव्य आहे. घाटातील अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य मिळते.

तातडीच्या सेवेतील वाहनांना वाट देणे सर्वांवर बंधनकारक आहे. अशी अनेक वाहने एकाच वेळी आल्यास अग्निशमन दलाची गाडी, रुग्णवाहिका आणि पोलीस वाहन असा प्राधान्यक्रम २०१७ च्या विनियमांत दिला आहे. वाट न दिल्यास कलम १९४-ई नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दंड आणि कॅमेरे

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी दंडाची रक्कम वाढवली. ज्या उल्लंघनासाठी स्वतंत्र शिक्षा नाही, त्याला कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. लाल दिवा तोडणे, ‘थांबा’च्या पाटीचे उल्लंघन करणे आणि उलट दिशेने वाहन चालवणे यांचा उल्लेख मात्र धोकादायक वाहनचालनाच्या कलम १८४ मध्ये झाला आहे. त्यासाठी पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जागेवर भरावयाची तडजोडीची रक्कम कलम २०० खाली राज्ये ठरवतात. त्यामुळे एकाच चुकीचा दंड दोन राज्यांत वेगळा असू शकतो.

याच कलम १८४ मध्ये सक्षम आणि सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या खूप खाली जाणारे, उघडपणे धोकादायक वाहनचालनही मोडते. शाळेचा त्रिकोण स्वतः वेगमर्यादा सांगत नाही. पण तो समोर असताना भरधाव गेलेल्या चालकाला आपण सावध होतो, असे म्हणणे अवघड जाते. हयगयीने एखाद्याचा मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांत, सिग्नल तोडणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास सांगितले होते. कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या कारवाईसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतंत्र नियम आले. त्यांनुसार उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र असावे लागते, पुढे कॅमेरा असल्याची सूचना देणारी पाटी लावावी लागते आणि नोटिशीसोबत उल्लंघनाचे छायाचित्र, तारीख, वेळ व ठिकाण द्यावे लागते.

पाटी लावणाऱ्यांचीही जबाबदारी

चिन्ह पाळण्याचे कर्तव्य चालकाचे असले, तरी ते दिसेल असे ठेवण्याचे कर्तव्य यंत्रणेचे आहे. वाहतूक चिन्ह झाकणारा किंवा त्याच्यासारखा दिसून दिशाभूल करणारा जाहिरात फलक हटवण्याचा अधिकार राज्य सरकार पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकते. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागाराला कलम १९८-ए नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नागरिकांवरही एक कमी परिचित बंधन आहे. कलम ११६ नुसार वाहतूक चिन्ह हेतुपुरस्सर काढणे, बदलणे किंवा विद्रूप करणे निषिद्ध आहे. एखाद्याच्या हातून अपघाताने पाटीचे नुकसान झाले, तर त्याने शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, पोलीस अधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्यात कळवावे लागते. पडलेल्या पाटीची खबर वेळेवर मिळाली नाही, तर त्याच रात्री तेथून जाणाऱ्या अनोळखी चालकाला पुढच्या वळणाची सूचना मिळणार नसते.