फेसाची पारख : नीरा आणि सोडा

दारू नसलेली फेसाळ वाइन पारखताना आधी बुडबुडे पाहतात. ते बारीक असावेत आणि बराच वेळ उठत राहावेत. मावळ-कोकणातल्या नीरेची परीक्षा नेमकी उलटी आहे. तिच्यात फेस दिसला की ती बाद.

माडाची पोय छेदून किंवा शिंदीच्या शेंड्याजवळ खाच पाडून हा रस काढतात. त्यात साखर भरपूर असते. मडक्यातले यीस्ट काही तासांतच तिचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करते. म्हणून मडके आतून चुन्याने सारवतात आणि सूर्योदयाआधी उतरवतात. चांगली नीरा गोड, थंड आणि झाडाच्या मंद वासाची असते. चुना जास्त झाला की तो जिभेला कळतो. रस पांढुरका दिसू लागला, आंबूस वास आला, जीभ चरचरली, की त्याची ताडी होऊ लागली असे समजावे.

नीरेच्या या मुलखातला आजचा भोर-वेल्हे भाग पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. घाटाखालचा सुधागड तालुकाही संस्थानाचाच, त्यामुळे मावळ आणि माडांचे कोकण एकाच राज्यात नांदत होते. शेजारच्या इंग्रजी मुलखात 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी सरकारी नियंत्रणाखाली होती. संस्थान 8 मार्च 1948 रोजी विलीन झाले आणि पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही आला. त्याने न आंबलेल्या रसाला नीरा म्हणून ताडीपासून वेगळे काढले. हा भेद मोलाचा ठरला. एरवी गांधीजींच्या ग्रामोद्योगांनी उचलून धरलेले हे पेय ताडीबरोबरच बंदीत गेले असते.

फेस हवा पण नशा नको, ही सोय सोड्याने केली. 1767 मध्ये लीड्सच्या जोसेफ प्रीस्टलीने बिअरच्या पिंपावर तरंगणारा वायू पाण्यात मिसळला. आंबण्यातून सुटणारा वायू असा दारूपासून वेगळा झाला. हिरम कॉड याने 1872 मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी रबरी कड्याला घट्ट बसते. पुण्यात आर्देशिरचा सोडा 1884 पासूनचा. गोटी सोड्याची पारख कानाने सुरू होते. गोटी ढकलताच सणसणीत आवाज यायला हवा. तो फुसका आला तर वायू निसटलेला असतो.

मद्यार्क काढलेल्या फेसाळ वाइनमध्ये बुडबुड्यांपेक्षा चव अवघड. मद्यार्काबरोबर सुगंध आणि भरीवपणाही जातो, आणि ती उणीव बरेचदा साखरेने झाकतात. म्हणून घोट गिळल्यावर तोंडात आंबटपणा उरतो की नुसता गोडवा, हे पाहावे लागते.