प्रदत्त प्रशासकीय अधिकार (मायक्रोसॉफ्ट ३६५)

व्यवसायाच्या क्लाउड खात्याची देखभाल करण्यासाठी बाहेरच्या आयटी पुरवठादाराला दिलेली परवानगी. जुन्या ‘डॅप’ पद्धतीत पुरवठादाराला थेट ग्लोबल अ‍ॅडमिनचा, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळे आणि त्याला मुदत नसे. यातला धोका मोठा होता. २०२१ मध्ये नोबेलियम या हॅकर गटाने पुरवठादारांना लक्ष्य केले, ते त्यांच्यामार्फत ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठीच. २०२२ मध्ये आलेल्या ‘जीडॅप’मध्ये कामापुरत्याच भूमिका देता येतात, पासवर्ड बदलून देणाऱ्याला सगळ्या किल्ल्या लागत नाहीत. मुदत जास्तीत जास्त ७३० दिवस. मंजुरी ग्राहकाचा ग्लोबल अ‍ॅडमिन देतो आणि ती केव्हाही रद्द करू शकतो. म्हणून असे एक तरी खाते मालकाच्या स्वतःच्या ताब्यात हवेच. परवान्यांची खरेदी ही वेगळी बाब आहे: पुरवठादाराला प्रशासकीय प्रवेश न देताही त्याच्याकडून परवाने घेता येतात.