अभ्यासक्रमाची तीन दारं

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. आता हा इतिहास बी.ए.च्या अभ्यासक्रमात आणायचा, तर तीन दारं ओलांडावी लागतात.

पहिलं अभ्यास मंडळाचं. त्या विषयाचे प्राध्यापक बसून घटक, गुण, संदर्भग्रंथ ठरवतात. खरी ओढाताण इथंच. एक घटक आत घ्यायचा तर दुसरा बाहेर काढावा लागतो, आणि बाहेर जाणारा घटक वर्षानुवर्षं शिकवणारं कुणीतरी समोरच बसलेलं असतं! पुढे विद्याशाखा आणि शेवटी विद्या परिषद.

मी बी.ए. केलं तेव्हा ही तिन्ही दारं नागपुरात होती. ते विद्यापीठ 1923चं. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे 200 किलोमीटर, नागपूर तर त्याच्याही पुढं. गोंडी, माडिया बोलणारं पोर त्या टेबलापासून किती लांब, तुम्हीच मोजा. 2011मध्येच चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत स्थापन झालं. टेबल जवळ आलं.

पण पाटीवर गोंडवाना आलं म्हणून ते अभ्यासक्रमात आपोआप येत नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञानपरंपरेला जागा आहे. मोहफुलं कधी वेचायची, कशी वाळवायची, हे जाणणारी आजीबाई त्या परंपरेत धरायची की नाही? तिच्याजवळ संदर्भग्रंथ नाही, आणि मंडळ तर आधी तोच मागतं.